मधली पायरी: प्री-सेल्स
इंजिनिअरनं मार्केटिंगला जाणं म्हणजे डिग्री पाण्यात, असं जे म्हणतात ते मला काही पटलं नाही भाऊ. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या इंटेलची १९९१ ची 'इंटेल इनसाइड' ही जाहिरात मोहीम उभी करणारा डेनिस कार्टर मुळात इलेक्ट्रिकल इंजिनिअर. एमबीएही होतं म्हणा. त्याआधी त्यानं जाहिरातीत स्वतःच्याच कंपनीच्या जुन्या २८६ चिपवर लाल फुली मारून लोकांना नव्या ३८६ कडे वळवलं होतं. चिप आतून ठाऊक असल्याशिवाय एवढी धिटाई येत नाही.

आणि इंजिनिअरिंग ते मार्केटिंग यातली मधली पायरी कोणी सांगूनच नाही राहिलं: प्री-सेल्स, म्हणजे विक्री ठरण्याआधीचं तांत्रिक काम. नागपूरच्या मिहानमध्ये मी तेच करतो. ग्राहकाच्या टेंडरची एक्सेल उघडायची, एकेका ओळीपुढे 'आहे', 'नाही', 'बदल करून देऊ' भरत बसायचं. कंटाळवाणं आहे, पण गिऱ्हाईक नेमकं कुठं अडतं ते तिथंच कळतं. आमच्याकडून प्रॉडक्ट मार्केटिंगला गेलेले बहुतेक जण याच खुर्चीतून गेले. एमबीए मागाहून, नोकरी सांभाळून.