मदत हवी आहे: विमा कंपनीला नुसतं कळवलं, क्लेम घेतला नाही, तरी एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जातो का?

म्हापशाच्या बाजारात उभ्या गाडीला मागून रेंट-अ-कॅबची (स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी गाडी; काळी पाटी, पिवळी अक्षरं) धडक बसली. कोणालाही इजा नाही. फोटो, समोरच्या गाडीचा नंबर, आरसी, विम्याची प्रत घेतलेली आहे. पोलिसांत गेलो नाही.

गाडी ११९७ सीसी, पेट्रोल. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही, एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम केला तरी एनसीबी टिकवणारं कव्हर) नाही. सध्या एनसीबी ३५ टक्के, नूतनीकरण पुढच्या महिन्यात, म्हणजे ४५ मिळायला हवेत.

गॅरेजचा अंदाज ११,००० रुपये: बंपर ४,२००, टेललाइट २,६००, रंगकाम ३,०००, मजुरी १,२००. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, रंगाच्या मटेरियलवरचा घसारा आणि प्रत्येक क्लेममध्ये आपल्याला सोसावे लागणारे सक्तीचे १,००० वजा जाता हातात सव्वासहा हजारांच्या आसपास येतील. उलट एनसीबी शून्यावर आला, तर ओडी प्रीमियम (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरता प्रीमियम) आठ हजार धरून पहिल्याच वर्षी ३,६०० जातात, पुढच्या वर्षांचं नुकसान वेगळं. म्हणून क्लेम नकोच वाटतो. रेंट-अ-कॅबचा मालक रोख द्यायला तयार आहे, पण फक्त बंपरपुरते.

अडचण अशी, की बंपर काढल्यावर आतली पट्टी किंवा डिकीचा पत्रा वाकलेला निघाला तर खर्च दुप्पट होईल. तेव्हा उशिरा कळवलं म्हणून नकार नको. एजंट म्हणतो, गप्प बसा (त्याचं काय जातं!), कस्टमर केअर म्हणतं, कळवलं की क्लेम नंबर पडतोच.

तर सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) येण्याआधी क्लेम लेखी मागे घेतला, तर नूतनीकरणाच्या वेळी एनसीबी खरोखर शाबूत राहतो का? आणि मालकाकडून रोख घेताना लिहून काय घ्यावं, म्हणजे पुढे क्लेम करावाच लागला तर तो अडणार नाही?