टोपणनावानं लिहायचं, पण गावात कळू नये

पांदणवाट:
आर्वी तालुक्यातल्या एका गावावरच्या कथा तयार आहेत. सोसायटी, सावकारी, वावराच्या वाटण्या, सगळं आलंय त्यात. दिवाळी अंकाला टोपणनावानं पाठवायच्या आहेत. खरं नाव कुठं फुटतं? आणि हक्क राहतो का?

सालई:
हक्क राहतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम २३ : टोपणनावानं आलेल्या लेखनाला प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण. त्या मुदतीत खरं नाव जाहीर झालं, तर मृत्यूनंतरची ६० वर्षं. कथा तुमचीच हे उद्या दाखवावं लागलं तर कच्चे कागद आणि संपादकाचे मेल कामी येतात, ते जपा. मानधनाचा चेक खऱ्या नावानंच घ्या, टोपणनावाचा खात्यात जमा होणार नाही. म्हणजे संपादक आणि हिशेब पाहणारा, दोघांना कळणारच. नाव उघड न करण्याची अट त्यांच्याकडून लेखी घ्या. यूपीआयवर पैसे मागवले की खात्यावरचं नाव समोर दिसतं, हे बरेच जण विसरतात.

उलंगवाडी:
फाइलही बोलते. वर्डमध्ये फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, मग इन्स्पेक्ट डॉक्युमेंट. तिथून लेखकाचं नाव आणि शेरे काढून टाका. मेलसाठी वेगळं खातं उघडा, नेहमीच्या खात्यातून मेल गेला की पाठवणाऱ्याचं नाव सोबत जातंच.
पण नाव फुटतं ते बहुतेक माणसाच्या तोंडून. रॉबर्ट गॅलब्रेथ या टोपणनावामागं हॅरी पॉटरची लेखिका जे. के. रोलिंग आहे, हे २०१३ मध्ये बाहेर आलं ते तिच्या वकिलानं आपल्या बायकोच्या मैत्रिणीला सांगितल्यामुळं. मग संगणकानं शब्दांची मोजदाद करून दुजोरा दिला.

धुरा:
आपल्याकडं मोजदादीला संगणक कशाला? धुऱ्यावरची बोर, पाटलाच्या विहिरीचा तुटका रहाट, एवढं वाचलं की गाव ओळखतं. अशा खुणा बदला. "काहून", "मले" मात्र ठेवा, वऱ्हाडी काढली तर कथा मरते.
अन् एक, नाव लपवा, जगणं खोटं रचू नका. कवी ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यात फसवणूक नव्हती. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची विधवा म्हणून परिचय छापायचा अन् लिहिणारा भलताच, हे त्या बाईच्या दुःखावर डल्ला मारणं आहे.

पांदणवाट:
अंकवाले फोटो अन् परिचय मागतात. काय द्यावं?

सालई:
फोटो नाही. परिचयात "लेखन विदर्भातून" एवढंच. तालुकाही लिहू नका.