बाळाचं नाव गावात, बाळ भट्टीवर

या चर्चेत वर एका सदस्यांनी लिहिलंय की कुपोषणाचं मूळ आयांच्या अज्ञानात आहे. मला हे अजिबात पटत नाही. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला, जव्हार-मोखाडा तिकडे गेले, पण शहापूर-मुरबाडचे पाडे आजही आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहेत. तिथली कितीतरी कातकरी आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बाळाचं नाव गावच्या अंगणवाडीत, बाळ मात्र भट्टीवर. महिन्याचं वजन, लसीकरण, सरकारच्या अमृत आहार योजनेतली अंडी-केळी, सगळंच हुकतं. आई पहाटेपासून विटा पाडणार, तान्ह्याला सांभाळणार त्याची सहा-सात वर्षांची बहीण. त्यात पाणी खराब. जुलाब लागले की खाल्लेलंही अंगी लागत नाही. परतल्यावर ऐन पावसाळ्यात घरातलं धान्य संपलेलं. यात अज्ञान कुठे आलं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात पाच वर्षांखालची कमी वजनाची मुलं २०१५-१६ मध्ये ३६ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ३६.१, म्हणजे परिस्थिती सुधारलेलीच नाही. भट्टीजवळच्या अंगणवाडीने तरी, नोंद कुठल्याही गावची असो, या मुलांना ताटावर बसवायला हवं.