पंगास माशाच्या खाद्यगोळीला सोयातेल चोळून एफसीआर (किलोभर मासा वाढायला लागणारं किलो खाद्य) उतरतो का?

सांवेररोड_तळं
इंदूरजवळ एक एकराचं तळं, पंगास (कॅटफिशचीच एक जात) सरासरी ४०० ग्रॅमचा. तरंगती गोळी, प्रथिनं २८ टक्के, चरबी ४ टक्के, ४० रुपये किलो. एफसीआर १.८ वर अडकलाय. सोयातेल इथे १३० रुपये किलोने मिळतं. २ टक्के चोळलं तर फरक पडेल? चोळायचं कसं?

खाद्यगणित
आधी हिशेब मांडा. किलोभर गोळीतून पचणारी ऊर्जा २८०० किलोकॅलरी धरा. २० ग्रॅम तेलाने त्यात १७५ च्या आसपास भर पडते. ती सगळी वाढीला लागली आणि तेलाचं वजनही खाद्यात धरलं, तर १.८ चा १.७३ होतो, म्हणजे ४ टक्के बचत. खर्च मात्र १०० किलो गोळीला २६० रुपयांनी वाढला, म्हणजे तेलासकट १०२ किलोचे ४२६० रुपये, किलोमागे जवळपास साडेचार टक्के जास्त. सगळं जमून आलं तरी हाती काहीच उरत नाही.

तेलाचं खरं काम प्रथिनं वाचवण्याचं. ऊर्जा कमी पडली की मासा प्रथिनंच जाळतो. पण तुमच्या गोळीत ग्रॅमभर प्रथिनामागे १० किलोकॅलरी आधीच आहेत, आणि कॅटफिशला साधारण ८.५ ते १० पुरतात. वरचं तेल पोटात चरबी होऊन बसेल आणि मासा साफ करताना घाणीत जाईल. ३२ टक्केवाली गोळी असती तर विचार करण्यासारखं होतं.

ड्रमवाला
हिशेब पटला, तरी करून बघायचंच असेल तर एका वेळी ५० किलोलाच करा. गोळी आधी चाळून भुगा काढा, नाहीतर निम्मं तेल तोच पितो. तेल हाताला कोमट लागेल इतकंच तापवा. गोळी सिमेंटच्या मिक्सरमध्ये (धुतलेल्या!) किंवा ताडपत्रीवर घ्या, फवारणीच्या नव्या पंपाने एक किलो तेल थोडं थोडं मारत दहा मिनिटं हलवा, मग अर्धा तास मुरू द्या. कीटकनाशकाचा जुना पंप कितीही धुतला तरी नको.

मूठभर गोळी बादलीभर पाण्यात टाकून दहा मिनिटांनी बघा. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आला तर तेल मुरलेलं नाही.

चोळलेली गोळी त्याच दिवशी संपवा. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात ती लवकर खवट होते, आणि खवट तेल गोळीतलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं. कचोरीच्या कढईतलं उरलेलं तेल स्वस्त पडतं म्हणून आणू नका, ते आधीच मोडलेलं असतं.

सांवेररोड_तळं
मग १.८ कशामुळे?

खाद्यगणित
बहुधा आकड्यातच गोम आहे. खाद्य टाकून, गोळा झालेल्या माशांवर फेकजाळं मारलं की मोठे मासे जास्त येतात. सरासरी फुगते, त्यावरून रोजचं खाद्य जास्त बसतं आणि उरलेलं कुजतं. तळ्यात तीन ठिकाणी ओढजाळं मारून निदान ५० मासे तोला, मेलेले वजा करा. खाद्य वीस मिनिटांत संपेल एवढंच. डिसेंबर-जानेवारीत पाणी २० अंशांखाली गेलं की पंगास जवळपास तोंड लावत नाही, तेव्हा नेहमीचं माप टाकलं की ते भिजून वायाच.

ड्रमवाला
आणि पाच मासे चिरून आतड्याभोवतीची चरबी तोला. तेल सुरू केल्यावर तीन आठवड्यांनी त्याच वजनाचे पाच परत चिरा. चरबी वाढलेली दिसली तर पंप धुऊन ठेवा.

सांवेररोड_तळं
रविवारी ओढजाळं लावतो, आकडे इथेच टाकतो. तेलाचा डबा तूर्त स्वयंपाकघरात.