एडवर्ड चौथ्याच्या दरबारातला एस्क्वायर : पगार, शिधा, कामं आणि सनदा

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या हौशी संस्थेसाठी दोन अंकी नाटक लिहितो आहे. काळ १४७२ ते १४८३, इंग्लंडचा राजा एडवर्ड चौथा. मुख्य पात्र राजवाड्यातला एस्क्वायर आहे. तो सरदार नाही, पण त्याला नुसता नोकरही म्हणता येणार नाही. लढायांची माहिती हवी तेवढी मिळते, या माणसाचा दिवस कसा जायचा ते मात्र मिळत नाही. तीन प्रश्न आहेत. त्याला रोख किती आणि बाकी काय मिळायचं? राजाजवळ असताना तो हाताने नेमकं काय करायचा (मंचावर दाखवता येईल असं काम हवंय)? आणि राजाने दिलेली जमीन किंवा पद दुसऱ्या अंकात त्याच्या हातून जायला हवं, ते पटेल असं कसं घालवू?

दफ्तरखाना:
आधी हे ठरवा की तुमचा नायक कोणत्या जातीचा एस्क्वायर आहे. दोन प्रकार होते आणि त्यांची सरमिसळ झाली की सगळंच चुकतं. १४७१-७२च्या सुमारास एडवर्डच्या घरखात्याची एक नियमावली तयार झाली, तिला 'काळी वही' म्हणतात. तीत ४० 'घरखात्याचे एस्क्वायर' आहेत, त्यातले २० एका वेळी हजर. ते मुद्दाम वेगवेगळ्या परगण्यांतून निवडायचे, म्हणजे कुठे काय शिजतंय ते राजाला घरबसल्या कळावं. दुसरे 'अंगरक्षेचे एस्क्वायर', फक्त ४, त्यातले दोघे कायम राजापाशी. राजाला कपडे घालणं-उतरवणं आणि रात्रंदिवस पहारा हे त्यांचं काम. गुपितं यांच्याच कानावर पडायची.

आता पैसे. घरखात्याच्या एस्क्वायरला हजर असेल त्या दिवसाचे साडेसात पेन्स, शिवाय हिवाळी आणि उन्हाळी कपडे किंवा त्याबदली ४० शिलिंग. हजेरीपटावर नाव नसेल तर त्या दिवसाचा पैसा नाही. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. वर्षाचे १८२ दिवस हजेरी धरली तर ५ पौंड १३ शिलिंग ९ पेन्स होतात, कपड्यांचे धरून ७ पौंड १३ शिलिंग ९ पेन्स. त्याच वहीत एका एस्क्वायरच्या घरसंसाराचा वर्षाचा खर्च ५० पौंड धरलेला आहे. म्हणजे पगारावर त्याचं सहावा हिस्सासुद्धा भागत नव्हतं, आणि तुमचं नाटक याच फटीतून सुरू होतं. तो पगारासाठी आलेलाच नाही. राजाच्या नजरेसमोर राहायचं आणि काहीतरी पदरात पाडून घ्यायचं, यासाठी आला आहे.

पोटाची सोय वेगळी. जेवण राजाच्या दिवाणखान्यात. रात्रीसाठी खोलीवर अर्धा गॅलन एल (बार्लीची दारू, दोन लिटरच्या आसपास), हिवाळ्यात दोन मेणबत्त्या आणि सरपणाची एक मोळी. मोजून दोन मेणबत्त्या, हे लक्षात ठेवा. नायक रात्री उशिरापर्यंत अर्ज लिहीत बसला तर मेणबत्ती संपते. मंचावर हे सहज दाखवता येईल.

संध्याकाळी हे लोक वाड्यातल्या सरदारांच्या खोल्यांवर जमायचे. जुन्या राजांच्या बखरी, राजकारणाच्या गप्पा, बासरी, हार्प, गाणी. ती मौज खरी, पण पुढचा अर्ज कोण पुढे सरकवील तेही तिथेच ठरत असणार.

अठराकारखाने:
हाताने करायच्या कामासाठी राजाचा बिछाना घ्या. क्रम लिहून ठेवलेला पुढचा राजा सातव्या हेन्रीच्या १४९४च्या नियमांत मिळतो, म्हणजे तुमचा काळ संपल्यावर अकरा वर्षांनी. पण असे रिवाज एका पिढीत उगवत नाहीत, नाटकाला चालेल.

एक जण मशाल धरतो. पलंगाच्या दोन्ही बाजूंना सेवक उभे राहतात. खाली पेंढा असतो. एक जण खंजीर घेऊन तो ठिकठिकाणी भोसकून पाहतो, आत काही दगाफटका नाही ना म्हणून. त्यावर पिसांची गादी टाकतात आणि एक जण तिच्यावर अंग टाकून इकडून तिकडे लोळतो, पुन्हा तपासणीसाठीच. मग गादी थोपटून सपाट, त्यावर जाड सुती कापड, चादरी, उशा. जिथे जिथे हात लागले तिथे क्रूस काढून चुंबन घ्यायचं. शेवटी अंगरक्षेचा एस्क्वायर पवित्र पाणी शिंपडतो. काम झालं की सगळ्यांना बाहेर नेऊन पाव, एल आणि वाइन.

हा प्रसंग न बोलता करा. कालिदास कलामंदिराच्या मंचावर खंजीर पेंढ्यात शिरताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे, तेव्हा फोम नको, खरा पेंढाच आणा.

एक सावधगिरी. शौचाच्या वेळी राजाजवळ असणारा खास सेवक आणि त्याचं वेगळं 'खाजगी दालन' या काळात घालू नका. खाजगी दालनाचा वेगळा नोकरवर्ग सातव्या हेन्रीने १४९५च्या सुमारास उभा केला. एडवर्डच्या वेळी वरच्या मजल्याचा सगळा कारभार चेंबरलेन विल्यम हेस्टिंग्ज याच्या हाती होता. खालचा, म्हणजे मुदपाक, कोठी, हिशेब, हा स्ट्युअर्डकडे. हिशेबनीस हिरव्या बनातीच्या टेबलाभोवती बसायचे, ते टेबल जरूर दाखवा.

दफ्तरखाना:
तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहितो.

देणगीचा मार्ग असा: अर्ज आधी नीट मसुदा करून लिहायचा, कारण राजा त्यावर फक्त सही करतो, नवीन काही लिहीत नाही. सही झाली की तो सेक्रेटरीकडे, तिथे लहान मोहर. तिथून प्रिव्ही सीलच्या (राजाच्या खाजगी मोहरेच्या) कचेरीत, तिथे दुसरी मोहर. मग चान्सरीत (सनदा काढणाऱ्या कचेरीत) मोठी मोहर, तेव्हा कुठे सनद. प्रत्येक टेबलावर कारकुनाची फी. आणि १४३९च्या कायद्याप्रमाणे सनदेवर तारीख पडायची ती हुकूम चान्सरीत पोहोचल्याच्या दिवसाची. राजाने 'हो' कधी म्हटलं ते कुणी विचारत नाही. म्हणजे दोघांनी एकच पद मागितलं तर ज्याचे पाय भरभर चालले तो पुढे.

असं घडायचं का? एडवर्डच्या आधीचा राजा सहाव्या हेन्रीने १४३७मध्ये कॉर्नवॉलचा राजकारभारी म्हणून विल्यम बॉनव्हिलला नेमलं आणि १४४१मध्ये जवळजवळ तेच पद डेव्हनच्या अर्लला दिलं. दोन्ही घराण्यांचं वैर त्याने असं पेटलं की १४५५मध्ये डेव्हनमधल्या क्लिस्टला उघड लढाई झाली.

सनदेतले शब्द बघा. 'मर्जी असेतो' हा आपल्याकडच्या सरंजामासारखा, चाकरी आहे तोवर. 'हयातीपर्यंत' त्याहून बरा. 'त्याला आणि त्याच्या पुरुष वारसांना' हा वतनाच्या जवळ जाणारा. तुमच्या नायकाला पहिल्या अंकात 'हयातीपर्यंत' द्या. त्याला वाटेल आता जन्माची ददात मिटली.

आणि मग १४७३. त्या वर्षी पार्लमेंटने राजाच्या देणग्या परत घेण्याचा कायदा केला. असे कायदे १४५०, १४५१, १४६१, १४६५, १४६७लाही झाले होते. सुटका एकच: 'या कायद्याची अमुक माणसाला बाधा नाही' असं कलम राजाच्या सहीने घालून घ्यायचं. ते कलम मिळवायला माणूस त्या आठवड्यांत राजासमोर हवा. खुद्द राजाचा भाऊ क्लॅरन्स याला पूर्ण सूट मिळाली नाही आणि टटबरीची जहागीर त्याच्या हातून गेली. भावाची ही गत, तिथे एस्क्वायरचं काय. तुमचा नायक नेमका तेव्हा गावी असू द्या, आईच्या आजारपणासाठी म्हणा. कुणी खलनायक लागणार नाही.

गोदाकाठ:
हे तर माझ्या कल्पनेपेक्षा चांगलं निघालं. दोन शंका. रोख देणगी मिळाली तर पैसे हातात पडायचे का? आणि नायकासाठी जांभळा रेशमी अंगरखा शिवायला टाकलाय, चालेल ना?

पंचवटीचा कोष:
अंगरखा थांबवा. १४८३च्या कायद्याने जांभळं रेशीम आणि जरतारी कापड राजघराण्यापुरतंच ठेवलं. एस्क्वायरच्या अंगावर ते दिसलं तर जाणकार प्रेक्षक तिथेच उठेल. त्यापेक्षा गळ्यात एडवर्डच्या पक्षाची माळ घाला: सूर्य आणि गुलाब एकाआड एक, खाली पांढरा सिंह.

पैशाचं म्हणाल तर रोकड क्वचितच. मिळायची टॅली, म्हणजे हेझलच्या लाकडाची खाचा पाडून उभी चिरलेली काठी. हजार पौंडांना तळव्याच्या जाडीची खाच, शंभरांना अंगठ्याएवढी, विसांना करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. एक तुकडा खजिन्यात, दुसरा तुमच्याकडे. ती घेऊन बंदरातल्या जकातदाराकडे जायचं, पेशवाईत महालावर वरात (तिथल्या वसुलातून पैसे घेण्याचा हुकूम) मिळायची ना, अगदी तसंच. पण त्या जकातीवर आधीच इतरांच्या वराती झाल्या असल्या तर जकातदार काठी परत करतो. खजिना मग वहीत ती रक्कम 'तुमच्याकडून घेतलेलं कर्ज' म्हणून लिहितो. देणगी मिळालेला माणूस कागदावर सावकार होतो आणि पुन्हा पहिल्या दारात उभा राहतो. रिकामी काठी हातात घेऊन परतलेला नायक हवा असेल तर हे वापरा.

अठराकारखाने:
शेवट १४८३वर नेणार असाल तर एक दृश्य सुचवतो. एडवर्ड ९ एप्रिलला वारला. विंझरला दफन करताना घरखात्याच्या मोठ्या अधिकाऱ्यांनी आपापल्या अधिकाराच्या काठ्या थडग्यात टाकल्या, म्हणजे त्या राजाची चाकरी तिथेच संपली. 'मर्जी असेतो'च्या सनदा राजाबरोबरच मेल्या, 'हयातीपर्यंत'वाल्यांना नव्या राजाकडून मंजुरीसाठी पुन्हा रांग. आणि १३ जूनला चेंबरलेन हेस्टिंग्जला लंडनच्या टॉवर किल्ल्यात सल्लामसलतीला बोलावून तिथल्या तिथे पकडलं आणि त्याच दिवशी मारलं. तुमच्या नायकाचा अर्ज जर हेस्टिंग्जच्या हाती दिलेला असेल, तर १४ जूनच्या सकाळी तो कुणाकडे जातो, एवढंच तुम्हाला लिहायचं उरतं.