उपदेशात गोष्ट सांगावी की नाही? एका मुलीच्या प्रश्नाने अडकलोय

रविवारचा_हिशेबनीस

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. आठवडाभर हिशेब तपासतो आणि गेली चार वर्षं महिन्यातून एकदा चर्चमध्ये मंडळीपुढे उपदेश करायला उभा राहतो.

मागच्या खेपेला बायबलमधलं योहान 3:16 होतं: देवाने जगावर एवढी प्रीती केली की आपला एकुलता एक पुत्र दिला. वचन सगळ्यांना पाठ, मग नवं काय सांगणार? या धास्तीने पुलाची गोष्ट घेतली. तुम्ही ऐकली असेलच. रेल्वेचा उघडमीट होणारा पूल, तो चालवणारा बाप, यंत्राच्या दात्यांत अडकलेलं त्याचं पोर आणि समोरून येणारी भरलेली गाडी. बाप दांडा ओढतो. गाडीतल्या लोकांना कशाचा पत्ताच नाही, ते खिडकीतून हात हलवत निघून जातात. मी ती चांगली रंगवली. बापाच्या तळहाताला सुटलेला घाम तर माझ्याच पदरचा. रुमाल निघाले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

उपासना सुटल्यावर अकरा वर्षांची एक मुलगी समोर आली. "त्या मुलाला कोणी विचारलं होतं का?" मी म्हटलं, "वेळच नव्हता गं." तर म्हणते, "मग येशूलाही नव्हतं विचारलं?"

काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्या दिवशी पाचसहा जणांनी गोष्टीचं कौतुक केलं, वचनाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. गोष्टच चुकीची निवडली, की गोष्ट सांगणंच चुकलं?

कोरा_कागद

गोष्टी बंद करा. उतारा वाचा, समजावून सांगा, खाली बसा. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात प्रेषित पौलाने किती गोष्टी सांगितल्यात? रडवणं हे उपदेशकाचं काम नाही.

जुनी_वही

कोरा_कागद, त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात जैतुनाच्या झाडाला कलम करायचा दाखला देऊन झालाय बरं का पौलाचा! पण रडवण्याबद्दल बोललात ते पटलं.

हिशेबनीस भाऊ, त्या पोरीने तुमच्या गोष्टीचा सांधा बरोबर पकडला. पुलावरच्या मुलाला काहीच ठाऊक नाही, तो अपघातात सापडलाय. योहान 10:18 काढून बघा. आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, मी आपण होऊन देतो, असं येशू तिथे सांगतो. तुमच्या गोष्टीत नेमकं हेच गळालंय, आणि हे गळालं की देव म्हणजे नाइलाजाने पोराचा बळी देणारा बाप उरतो. मीही ही गोष्ट तरुणपणी दोनदा सांगितली आहे. मला कोणी विचारलं नाही, एवढाच फरक.

गोष्ट कशी सांगावी हे मी नाथान संदेष्ट्याकडून शिकलो. 2 शमुवेल 12. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतलीय, नवऱ्याला मारवलंय, आणि नाथान त्याला गोष्ट सांगतो: एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावली. किती मोजके तपशील आहेत बघा: ती गरिबाच्या घासातलं खायची, त्याच्याच पेल्यातून प्यायची, त्याच्या उराशी निजायची. बस्स. दावीद भडकतो आणि शिक्षाही ठरवतो, एका मेंढीला चार. नियमशास्त्रात मेंढीच्या चोरीला हीच भरपाई आहे (निर्गम 22:1). म्हणजे निकाल कायद्याला धरून, आणि स्वतःच्याच विरुद्ध. मगच नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच." मेंढी म्हणजे कोण, श्रीमंत म्हणजे कोण, हे समजावत बसत नाही. आम्ही तिथेच माती खातो. गोष्ट चार मिनिटांची आणि "यातून आपण काय शिकतो" दहा मिनिटांचं.

येशूही कितीदा शेवट उघडा सोडतो. उधळ्या मुलाच्या गोष्टीत, धाकटा परत आल्यावर बापाने मेजवानी दिली म्हणून रुसलेला थोरला भाऊ घरात गेला की अंगणातच फुरंगटून राहिला? लूक 15 सांगत नाही. सांगेल कशाला? कुरकुर करणारे परूशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ धर्मपंथी, समोरच उभे आहेत, ठरवायचं त्यांनी.

आता माझी तक्रार. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो. त्यातलं "सुईचं नाक" म्हणजे यरुशलेमेतला बुटका दरवाजा, उंटाने गुडघे टेकले की आत, असं हजारदा ऐकलं असेल. असा दरवाजा तिथे होता याला काहीही आधार नाही. आणि उंट गुडघे टेकून जाऊ शकत असेल, तर पुढच्याच वचनात शिष्य "मग कोणाचं तारण होणार?" म्हणून हबकतात कशाला? तीच गत नवी चोच यावी म्हणून चाळिसाव्या वर्षी जुनी चोच आपटून तोडणाऱ्या गरुडाच्या गोष्टीची. चोच तुटलेला गरुड उपाशी मरेल हो! सत्याबद्दल बोलायला उभं राहायचं आणि सुरुवात थापेने करायची. कल्पित असेल तर सरळ म्हणा, "समजा एक बाप होता." कोणाचं काही अडत नाही.

शेवटच्या_बाकावरून

मी उपदेश करत नाही, ऐकते. माझ्या भावाशी घरावरून वाद होता. ते मी प्रार्थनेसाठी विश्वासाने एकांतात सांगितलं होतं. दोन आठवड्यांनी व्यासपीठावरून ऐकलं, "आपल्यातल्या एका बहिणीचं उदाहरण". नाव घेतलं नाही, पण तीन माना माझ्याकडे वळल्या. विषय होता क्षमा. त्यापुढचं काही ऐकू आलं नाही मला. दुसऱ्याची गोष्ट सांगायची तर आधी विचारा, आणि तो माणूस "नको" म्हणाला तर त्याला कारण विचारू नका.

रविवारचा_हिशेबनीस

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून माझ्या वहीतली दोन पानं फाडली.

काल ती मुलगी भेटली. योहान 10:18 तिच्याकडूनच वाचून घेतलं. म्हणाली, "मग हे आधी का नाही सांगितलं?" उत्तर नव्हतं, म्हणून "चुकलो" म्हटलं. त्यावर तिने मान डोलावली, साहेबाने रजा मंजूर करावी तशी.

पुढच्या महिन्यात मत्तय 18 आहे, माफी मिळालेला आणि स्वतः माफ न करणारा दास. यासाठी दोन भावांची एक गोष्ट जपून ठेवली होती, ती वगळतोय. त्याऐवजी आकडेमोड केली. एक तालांत म्हणजे साधारण 6000 दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी (मत्तय 20 मध्ये द्राक्षमळ्याचा मालक हाच भाव ठरवतो). दासाचं कर्ज दहा हजार तालांत, म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला 300 दिवस काम धरलं तर 2 लाख वर्षं. आणि तो दास मालकाला म्हणतो काय, "जरा दम धरा, सगळं फेडतो"! मालक सगळं माफ करतो, आणि हा बाहेर पडून शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. एकाला सहा लाख, असं प्रमाण. इतकी वर्षं हिशेब तपासतोय, पण हा उतारा वाचताना कधी पेन्सिल हातात घेतली नव्हती.

गुणाकार तोंडी सांगू की फळ्यावर मांडू? शून्यं मोजताना लोक हरवतील अशी भीती वाटतेय.

जुनी_वही

फळ्यावर. आणि शून्यं त्या पोरीला लिहायला लावा.