शूटआउटमध्ये हरलो, मुलगी बोलतच नाही (तातडीने मदत हवी)

हताश_११: शेवटचा फटका आमच्या मुलीचा, तोच हुकला. तेव्हापासून खोलीत बसलीय, जेवलीही नाही. "खेळात हारजीत चालायचीच" वगैरे बोलून झालं, अजूनच चिडली. आता काय बोलू? लगेच सांगा, लेक्चर नको.

मधली_फळी: खेळ कुठला? वय किती?

उगीचच: तुम्ही आई की बाबा? आमची स्विमिंगमध्ये हरली तेव्हा आम्ही दोन दिवस विषयच काढला नाही. आपोआप आली ताळ्यावर. एकटं सोडा.

बॅकहँड: एकटं काय सोडा! १९९३ ची विम्बल्डन फायनल आठवा. याना नोवोत्ना तिसऱ्या सेटमध्ये ४-१ ने पुढे, तिथून ग्राफकडून हरली. बक्षीस समारंभात केंटच्या डचेसच्या खांद्यावर ढसाढसा रडली. १९९८ ला जिंकलीच की तीच स्पर्धा.

उगीचच: म्हणजे पोरीला सांगायचं, थांब पाच वर्षं?

बॅकहँड: अहो, डचेसने खांदा पुढे केला, एवढंच म्हणतोय.

प्रोटीनप्रेमी: बहुतेक वेळा मूळ कारण स्टॅमिना असतो. रोज प्रोटीन किती जातं पोटात?

हताश_११: प्रोटीनचं कोणी विचारलंय? हॉकी. वय १६. आणि मी आई नाही, बाबा नाही, कोच आहे. उद्या सकाळी तिसऱ्या क्रमांकाची मॅच आहे, दोन दिवस कुठून आणू?

मधली_फळी: हे आधी सांगायचं ना सर! बाकी कोणाचे हुकले?

उगीचच: पूर्वी पेनल्टी स्ट्रोक असायचे तेच बरं होतं. हे आठ सेकंदांत २३ मीटरवरून पळत येणं म्हणजे नुसता तमाशा.

मधली_फळी: त्याचा वेगळा धागा काढा.

हताश_११: तिच्या आधी दोघींचे हुकले.

मधली_फळी: मग इटलीच्या बॅजिओसारखंच झालं. १९९४ च्या फुटबॉल वर्ल्डकप फायनलच्या शूटआउटमध्ये बरेसी आणि मासारोही चुकले होते, पण लोकांना आठवतो तो बॅजिओचा, बारवरून गेलेला. "तुझी चूक नाही" म्हणू नका, फटका तिचाच होता हे तिला पक्कं माहितेय. त्या दोघींनाच पाठवा तिच्याकडे, ताट घेऊन. तुम्ही बाहेर थांबा. आज व्हिडिओ नको. आणि उद्या ती खेळणार आहे की नाही ते आत्ताच सांगून टाका, नाहीतर रात्रभर तर्क करत बसेल.

बॅकहँड: उद्या शूटआउट झालं तर परत तिलाच द्या.

उगीचच: वेड लागलंय? परत हुकलं तर?

बॅकहँड: आणि नाही दिलं तर? मग तिला कळलंच की कोचचा भरवसा उडाला.

मधली_फळी: तिलाच विचारा ना! पण वॉर्मअपनंतर, आज नाही.

हताश_११: दोघींना पाठवलं. आता तिघी मिळून रडतायत, पण ताट आत गेलंय. उद्या सुरुवातीपासून खेळवणार हे दारातूनच सांगितलं. "बरं" म्हणाली, तेवढंच. शूटआउटचं उद्या ठरवू.

पॅड_हेल्मेट: सगळं वाचतोय मघापासून. तुमच्या गोलकीपरशी कोणी बोललं का?

हताश_११: नाही. जातो.